खैरनार सरांच्या बरण्या

आमच्या गंगापूर रोडच्या घराची वास्तुशांत होती. खैरनार सर जेवायला आले आणि पानावर बसायच्या आधी त्यांनी घराच्या सगळ्या भिंतींना टकटक करून पाहिलं. बोट दुमडायचं, त्याच्या मधल्या सांध्यानं भिंतीवर वाजवायचं, कान लावायचा, मान हलवायची आणि दोन पावलं पुढे सरकायचं. आमचा ठेकेदार त्याच पंगतीला होता. त्याच्या घशाखाली श्रीखंड उतरेना. शेवटी सर देवघराच्या कोनाड्यापाशी थांबले आणि भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले, "टिकी का?"

टिकी का, म्हणजे टिकेल का. सर बागलाणातले, सटाण्याजवळच्या एका खेड्यातले. वर्गात अगदी छापील मराठी बोलायचे, पण एखादी गोष्ट फार आवडली किंवा फार खटकली की त्यांची अहिराणी उसळून वर यायची. ठेकेदाराला वाटलं भिंत नापास झाली. तो हात धुवायला म्हणून जो उठला तो परत पानावर आलाच नाही. मी वैतागून म्हटलं, "अहो सर, चांगल्या दिवशी हे काय विचारता?"

"ताई, मी फक्त विचारतो. उत्तर मी कधीच देत नाही," सर म्हणाले. "उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा आपण कुठे असतो?" एवढं बोलून ते निवांत मांडी घालून बसले आणि ठेकेदाराच्या वाट्याचंही श्रीखंड त्यांनी मागून घेतलं.

आम्ही दोघं एकाच तंत्रनिकेतनात. मी रसायनशास्त्र शिकवायची, ते स्थापत्य विभागात बांधकामाचं साहित्य शिकवायचे. मी नोकरीला लागले ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, आणि पहिल्याच आठवड्यात या लांबुळक्या, किडकिडीत माणसानं माझ्या नव्या स्टीलच्या डब्यावर टकटक करून मला घाबरवलं होतं. पपई, दाराची चौकट, विद्यार्थ्याचं नवं हेल्मेट, प्राचार्यांचं टेबल, समोर येईल ते वाजवून बघायचे. हेल्मेट विद्यार्थ्याच्या डोक्यावर असलं तरी थांबायचे नाहीत. खिशात बडीशेपेसारखे सिमेंटचे लहानलहान तुकडे असायचे. बोलताबोलता एखादा काढून नखानं खरवडायचे, हुंगायचे आणि परत ठेवून द्यायचे. कमळवहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायची, "ह्यांचा शर्ट धुवायला टाकायचा तर आधी खिशातलं घर उपसावं लागतं."

आता बरण्यांकडे येते. त्यांच्याशिवाय सर सांगताच येणार नाहीत.

मुंबईच्या अणुवाल्यांनी त्या काळात काही महाविद्यालयांना एक काम दिलं होतं. अणुभट्टीतून जो कचरा निघतो त्याचं काय करायचं? एक उपाय असा, की तो सिमेंटमध्ये कालवायचा, त्याचे ठोकळे पाडायचे आणि ते पुरून टाकायचे. पण ठोकळ्याला पाणी लागलं आणि आतलं बाहेर आलं तर? त्या कचऱ्यात सिझियम नावाचा एक द्वाड पदार्थ असतो. त्याचा जोर निम्मा व्हायलाच तीस वर्षं जातात. निर्धास्त व्हायचं तर ठोकळा तीनशे वर्षं धड राहायला हवा. बाजारातल्या साध्या सिमेंटच्या हातात हे काम देण्यात अर्थ नाही, असं सरांचं ठाम मत. का, तर त्यात मोकळा चुना उरतो. पाणी आधी तो चुना उचलतं, मग तिथे भोकं पडतात, आणि भोकातून आतला ऐवज पसार.

"मोकळ्या चुन्याला कामाला लावायचं, ताई," सर हात चोळत सांगायचे. "रिकामा बसला की पळून जातो. त्याला राख द्या, विटकरीची भुकटी द्या. तो तिला धरून बसतो. मग पाण्यानं कितीही बोलावलं तरी जात नाही."

गोदाकाठच्या जुन्या पायऱ्यांच्या सांध्यातला चुना हा त्यांचा लाडका पुरावा. कित्येक पिढ्या पाण्यात बुडालेला, तरी नख लागत नाही. एकदा तो तपासायला ते भरल्या नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पायरीवर टकटक करत होते. घाटावरच्या बायकांना वाटलं कुणीतरी जीव द्यायला निघालंय. त्यांनी सरांची बंडी धरून त्यांना बाहेर ओढलं आणि संसार, बायकोमुलं यावर चांगलं अर्धा तास सुनावलं. सरांनी सगळं नम्रपणे ऐकून घेतलं. मग त्यांतल्या एका आजीबाईला विचारलं, "मावशी, तुमच्या सासरचं घर चुन्यात बांधलेलं का हो?"

तर सरांनी वेगवेगळी मिश्रणं केली. कशात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख, कशात सुरकी म्हणजे विटकरीची भुकटी, कशात पेठकडच्या भाताचं तूस जाळून केलेली राख, आणि तुलनेला एक नुसतं साधं सिमेंट. मुठीएवढे ठोकळे पाडले आणि एकेक ठोकळा पाणी भरलेल्या एकेका काचेच्या बरणीत ठेवला. खरं सिझियम आम्हाला कोण देणार? त्याच्या जागी ठोकळ्यांत पोटॅशियम कालवलं होतं. सिझियमचा तो चुलतभाऊ, वागायला बराचसा तसाच, पण निरुपद्रवी. ठरावीक दिवसांनी पाणी बदलायचं आणि काढलेलं पाणी माझ्याकडे आणायचं. माझ्याकडे एक ज्योतीचं यंत्र होतं. पाण्याचा फवारा ज्योतीत सोडला की त्यात पोटॅशियम किती, ते काटा दाखवायचा. काटा हलला नाही तर ठोकळा शहाणा. काट्यानं उडी मारली तर ठोकळा गळका.

या सगळ्या बरण्यांच्या शेवटी एक बरणी अशी होती की जिच्यात ठोकळाच नव्हता. नुसतं पाणी. सर तिला साक्षीदार म्हणायचे. बाकीच्यांचं पाणी बदललं की तिचंही बदलायचे आणि तीही माझ्याकडे तपासायला आणायचे. मी म्हणायची, "सर, हिच्यात काही नाही हे आंधळ्यालाही दिसतंय. गॅस कशाला जाळायचा?" पण छे. साक्षीदाराला विचारल्याशिवाय निकाल लिहायचा नाही हा त्यांचा नियम. स्टाफरूममध्ये या बरणीवरून त्यांची इतकी थट्टा व्हायची की विचारू नका. कुणी म्हणे सर आता पाणी टिकतं का ते बघतायत, कुणी म्हणे तिच्यात मासा तरी सोडा. सर सगळ्यांच्या बरोबरीनं हसायचे आणि बरणीचं झाकण पुसत राहायचे.

बरण्या कुठल्या? कमळवहिनींच्या लोणच्याच्या! अनुदान यायला उशीर झाला तेव्हा सरांनी घरातल्या सगळ्या बरण्या धुऊन पिशवीत घालून आणल्या होत्या. वहिनींनी त्या वर्षी कैरीचं लोणचं अॅल्युमिनियमच्या डब्यात घातलं, आणि ते बिघडलं. तेव्हापासून त्या या बरण्यांना सवती म्हणायच्या. "काय म्हणतात सवती?" हे त्यांचं रोजचं विचारणं. सर प्रयोगशाळेतून उशिरा घरी आले की, "आज कोणत्या सवतीनं थांबवलं?"

अणू हा शब्द निघाल्यावर गावात अफवा उठणारच. राजस्थानातला अणुस्फोट लोक अजून विसरले नव्हते. आमच्या कॉलेजात बाँब भिजत घातलेत, अशी बातमी पसरली. पालक प्राचार्यांकडे आले. दूधवाला स्टाफ क्वार्टर्सच्या फाटकाबाहेरूनच हाका मारायला लागला. सरांनी कुणाची समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा त्या बरण्यांच्या फळीवर मांडून, खिडकी सताड उघडून, सगळ्यांना दिसेल असे तिथेच जेवायला लागले. कळण्याची भाकरी, ठेचा, वर ताक. जेवून झालं की बरणीवर टकटक आणि एक दणदणीत ढेकर. हळूहळू खिडकीपाशी गर्दी जमायला लागली, मग दोन विद्यार्थी आपला डबा घेऊन आत आले, आणि शेवटी दूधवालाही ठेचा चाखून गेला. अफवा तिथेच संपली.

राखेचीही एक गंमत आहे. त्या वर्षी सिंहस्थ होता. सर स्कूटरवर एकलहऱ्याला गेले आणि राखेचं पोतं मागे बांधून परत निघाले. पोत्याला होतं भोक, आणि वारा होता मागून. रहदारी वळवलेली, म्हणून पंचवटीतून यावं लागलं. तोवर सर नखशिखांत राखाडी झालेले, दाढी वाढलेली, डोळे तेवढे लाल. एका वळणावर स्कूटर बंद पडली. सर उतरून किक मारायला लागले तर भोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं पायावर डोकं ठेवलं. एका बाईनं हातात केळी दिली आणि विचारलं, "बाबा, मुलाची नोकरी टिकेल का?"

आता हा प्रश्न सरांना विचारायचा! सर मला हे सांगताना पोट धरून हसत होते. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझाच प्रश्न विचारला. आणि माझ्याकडे काय, पोतं!"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, पाण्यापासून जप."

केळी त्यांनी प्रयोगशाळेत आणून सगळ्यांना वाटली.

सर आणि वहिनींना मूलबाळ नव्हतं. ते त्यांनी कधी झाकलं नाही आणि कधी उगाळलंही नाही. पण वर्गात ठोकळ्यांबद्दल बोलायला लागले की सरांच्या तोंडी एक पणतू यायचा. तीनशे वर्षांनंतरचा. तो विहीर खणायला बसलाय आणि त्याच्या कुदळीला आपला ठोकळा लागलाय. "त्याला आपली भाषा कळणार नाही," सर मुलांना सांगायचे. "तुम्ही धोका म्हणून पाटी लावाल, तो ती काढून गोठ्याला लावेल. तेव्हा पाटीच्या भरवशावर राहू नका. ठोकळाच धड करा." वहिनींना हा पणतू माहीत होता. त्या म्हणायच्या, "घरात पाळणा हलला नाही, आणि ह्यांना पणतवाची काळजी!" त्या हसतच म्हणायच्या, पण म्हणून झालं की पदरानं उगाच काहीतरी पुसायच्या. मला ते दिसायचं.

अशी चांगली सात-आठ वर्षं बरण्या सुखानं नांदल्या. मग कॉलेजात संगणक यायचं ठरलं. प्राचार्यांनी सगळं कॉलेज पालथं घातलं आणि त्यांची नजर सरांच्या खोलीवर गेली. कोरडी, उत्तरेकडची, जाळीच्या खिडकीची. "खैरनार, त्या बरण्यांचं काय ते एकदाचं बघून टाका," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण त्याला संगणकानं झपाटलं होतं, जसं सरांना राखेनं. शेवटी ठरलं असं: दिवाळीच्या आधी मुंबईचे लोक येणार आहेत. तोवर शेवटचं पाणी तीन महिने अजिबात न हलवता ठेवायचं. त्यांच्यासमोर तपासणी. ठोकळे कसोटीला उतरले तर खोली सरांची आणि मिश्रण मुंबईला पुढच्या चाचणीला. नाही उतरले तर बरण्या रिकाम्या करून वहिनींना परत.

त्या तीन महिन्यांत सरांनी कशावरही टकटक केली नाही, यावरून आम्ही काय ते ओळखलं. त्यांच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. नव्यानं ठोकळे घालून पुन्हा पहिल्यापासून पाणी बदलत बसण्याइतका वेळ त्यांच्यापाशी राहिलेला नव्हता.

मध्ये नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची, आणि सरांच्या प्रयोगशाळेतली पूजा बघायला सगळं कॉलेज लोटायचं. कारण तिथे नारळ दगडावर फोडायचे नाहीत. ज्या यंत्रात सिमेंटचे ठोकळे दाबून फोडतात त्या यंत्रात नारळ ठेवायचे. प्रयोगशाळेतले आव्हाडमामा चाक फिरवायचे, सर तबकडी वाचायचे, आणि पोरं मोठमोठ्यानं आकडा ओरडायची. फट्! खाली धरलेल्या पातेल्यात नारळाचं पाणी. कुठल्या गावच्या नारळानं किती भार सोसला याच्या पैजा लागायच्या. ही प्रथा सरांनीच पाडलेली. त्या वर्षी मात्र सर तबकडी वाचून लगेच बाहेर गेले. बायामाणसं आली होती, वहिनींनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, आव्हाडमामांनी खोबरं वाटलं आणि आम्ही घरी गेलो.

मुंबईचे तिघं आले. त्यांतले वयानं मोठे, त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत होते, ते बोलायला अगदी मोजके. सरांनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिसा रिकामा होता हे मी आधी पाहिलं. कमळवहिनींनी पाहुण्यांसाठी पुरणाचे मांडे आणले होते, ते खापरावर करायचे म्हणून त्या पहाटेपासून चुलीपाशी होत्या. त्या डबे घेऊन बाहेर व्हरांड्यात बसल्या. प्राचार्य येऊन उभे राहिले. मी ज्योत पेटवली.

पहिली बरणी सरांच्या लाडक्या मिश्रणाची. तुसाची राख आणि सुरकी. पाणी किंचित गढूळ दिसलं. मी मनात म्हटलं, असेल चुना. फवारा सोडला आणि काट्यानं उडी मारली.

मी यंत्र बंद करून परत लावलं. परत उडी. दुसरी बरणी, उडी. तिसरी, उडी. गेल्या सगळ्या वर्षांत या मिश्रणांना ज्या काट्यानं कधी मान वर केली नव्हती, तो आज नाचत होता. प्राचार्यांनी खिडकीची जाळी निरखायला सुरुवात केली. टेबलं कशी मांडायची ते बघत असावेत.

सर म्हणाले, "राहू द्या, ताई. पाण्यानं नापास केलं." अगदी साध्या आवाजात म्हणाले. मला रडूच फुटणार होतं, पण रडू यायच्या आधी मी चिडते. मी चिडून म्हटलं, "नियम म्हणजे नियम. साक्षीदार राहिलाय." इतकी वर्षं मीच त्या बरणीला नावं ठेवली होती. डॉक्टरसाहेबांनी भुवई वर केली. "तिच्यात काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि फवारा सोडला.

काट्यानं उडी मारली. तेवढीच.

ज्योतीचा फुरफुर आवाज तेवढा येत होता. सर काट्याकडे बघत होते, मग बरणीकडे, मग परत काट्याकडे. आणि त्यांच्या तोंडून हळूच निघालं, "माय व! आत ठोकळाच नही... मग गळनं काय?"

"काय झालं?" दारात कमळवहिनी. जेवण निवतंय म्हणून सांगायला आल्या होत्या. सरांचा चेहरा बघून त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मी सांगितलं, की सगळ्या बरण्यांत कुठूनतरी पोटॅशियम आलंय, नुसत्या पाण्यातसुद्धा. पाण्यात कुणी काही टाकलं होतं का?

वहिनी म्हणाल्या, "टाकलं म्हणजे? मीच घातली ना एकेक पळी. नारळाच्या पाण्याची. खंडेनवमीला."

आव्हाडमामांनी कपाळावर हात मारून घेतला. वहिनींना वाटलं आता सगळं जग आपल्यावर तुटून पडणार. पदर सावरून, मान ताठ करून त्या सरांना म्हणाल्या, "बाहेर सगळ्या यंत्रांना तीर्थ मिळालं. ह्या आत कोंडून पडलेल्या. तीन महिने झाले, तुम्हाला ना जेवण जातंय ना झोप येतेय. म्हटलं, सवती असल्या तरी घरच्याच. ह्यांनाही पळीभर द्यावं आणि सांगावं, की बायांनो, टिका. ह्यांच्या पणतवासाठी टिका. त्यात माझं काय चुकलं?"

मी यंत्राच्या मागे तोंड लपवून रडून घेतलं. नारळाच्या पाण्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले, आणि मला ते आठवलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब पुढे झाले. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "वहिनी, सगळ्यांना सारखीच पळी घातलीत?"

"म्हणजे काय!" वहिनी दुखावल्या. "तीर्थ आहे ते. त्यात एकीला जास्त, एकीला कमी असं करतात का? त्या शेवटच्या रिकाम्या बरणीलाही घातली. तिनं काय पाप केलंय?"

डॉक्टरसाहेब वळले आणि खिशातून पेन काढून टेबलावरच्या पुठ्ठ्यावर वजाबाकी करायला लागले. प्रत्येक बरणीच्या उडीतून साक्षीदाराची उडी वजा. साध्या सिमेंटच्या बरणीत बरंच उरलं. एकलहऱ्याच्या राखेत थोडं उरलं. तुसाची राख आणि सुरकी, तिथे त्यांनी पेन थांबवलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. उरलं होतं जवळजवळ काहीच नाही.

"खैरनार," ते म्हणाले, "तुम्ही साक्षीदार ठेवलात आणि वहिनींनी हात राखला नाही, म्हणून वाचलात." आणि मग दिवसभर गप्प असलेला तो माणूस असा काही हसला की बाहेरची पोरं आत धावली. पण शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच. म्हणाला, आधी मला दाखवा. आव्हाडमामा सायकलवरून नारळ घेऊन आले. यंत्रात ठेवला, चाक फिरवलं, पोरांनी आकडा ओरडला, फट्! मी ते पाणी ज्योतीत सोडलं आणि निळ्या काचेतून एकेकाला बघायला दिलं. ज्योत जांभळीगार. वहिनींनी डोळ्याला काच लावली आणि कितीतरी वेळ काढलीच नाही. "बाई बाई," म्हणाल्या, "एवढासा नारळ!"

सर हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. हसताहसता त्यांनी टेबलावर टकटक केली, मग बरणीवर, मग प्राचार्यांच्या खांद्यावर. "भलतं भारी शे! भलतं भारी शे!" एवढंच चाललं होतं. इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

तीर्थाचा निकाल मुंबईला चालणार नव्हता, हे उघड होतं. डॉक्टरसाहेबांनी सगळ्या बरण्यांत आपल्यासमोर नवीन पाणी भरायला लावलं, झाकणांवर लाख लावून शिक्का मारला आणि तीन महिन्यांची मुदत दिली. मग मांडे खाल्ले. किती खाल्ले ते मी सांगत नाही, मुंबईची अब्रू जाईल. संक्रांतीनंतर ते परत आले. लाख फोडली, फवारे सोडले, आणि तुसाच्या राखेच्या बरणीला काटा जागचा हलला नाही. सरांचे दोन ठोकळे त्यांनी रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन नेले. प्राचार्यांनी संगणक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसवला. उद्घाटनाला सरांनाच बोलावलं. सरांनी त्यावर टकटक केली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. निरोपाची भाषणं झाली, हार झाले. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन दोघं कायमची गावी जाणार होती. फळीवरच्या बरण्या आता माझ्याकडे आल्या होत्या. पाणी बदलायचं काम पुढे मीच करणार होते. साक्षीदारासाठी मी कॉलेजची एक नवी बरणी काढली होती, कारण जुनी बरणी सरांनी वहिनींना परत द्यायचं कबूल केलं होतं. एक तरी सवत घरी येऊ दे, असं त्या म्हणाल्या होत्या.

सरांनी शेवटचं पाणी बदललं. झाकण पुसलं. हात धुतले. वहिनी गळ्याशी रिकामी बरणी धरून उभ्या होत्या. निघायचं म्हणून सर वळले, तर वहिनी फळीपाशी गेल्या. त्या तुसाच्या राखेच्या बरणीवर त्यांनी बोट दुमडून, अगदी सरांसारखी, टकटक केली.

"टिकी का?" त्यांनी विचारलं.

सर थांबले. इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्यांनी कुणालाही उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी बरणीकडे पाहिलंच नाही. वहिनींकडे बघून म्हणाले, "टिकी."

मग दारातून मागे वळून, "पन तू पळी आनू नको."

वहिनी खळखळून हसल्या. स्कूटर दुसऱ्या किकला चालू झाली. वहिनी मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या, मांडीवर ती बरणी. फाटकापाशी खड्डा आला तसा सरांनी वेग कमी केला, एक हात मागे नेला आणि बरणी धड आहे ना ते चाचपून पाहिलं. वहिनींनी त्यांच्या हातावर चापट मारली, आणि स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली.